जनाबाई आणि बहिणाबाई एकाच जात्यावर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘मुले अभिजात साहित्य वाचत नाहीत’ अशी तक्रार करणारी पत्रे आपल्या सदरात अधूनमधून येतात. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून तर ती वाढलीच आहेत. मी सत्तावीस वर्षे नववी-दहावीला मराठी शिकवले. माझे मत थोडे वेगळे आहे. मुले जुने वाचत नाहीत, कारण आपण ते त्यांना एकटे वाचायला देतो.

दहावीची प्रश्नपत्रिका पाहा. कवितेचे कवी कोण, विषय काय, ओळींचा सरळ अर्थ, कविता आवडण्याचे किंवा न आवडण्याचे कारण. मग रसग्रहण. प्रत्येक कविता आपापल्या खोलीत कडी लावून बसलेली. संतांचा अभंग आणि आजची कविता एकाच पुस्तकात असतात, पण त्यांची आपसात गाठ पडत नाही. ‘आवडण्याचे कारण’सुद्धा मुले गाइडमधून पाठ करतात, हे मी नव्याने सांगायला नको.

निवृत्तीनंतर शनिवारी दुपारी गल्लीतली आठ-दहा मुले माझ्याकडे बसतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्यापुढे दोन कविता ठेवल्या. एक जनाबाईंची, ‘दळिता कांडिता, तुज गाईन अनंता’. दुसरी आमच्या जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींची, ‘अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे पिठी’. घरोटा म्हणजे जाते. दोघींमध्ये काही शतकांचे अंतर. एक नामदेवांच्या घरची दासी, दुसरी शेतात राबणारी. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, पुस्तकात आली. दोघींच्या हातात मात्र तेच जाते.

मुलांनी जाते पाहिले होते ते लग्नात हळद दळताना, तेही फोटोपुरते. म्हणून मागच्या अंगणात तुळशीखाली पडलेले आमच्या सासूबाईंचे जाते काढले, धुतले, खुंटा ठोकला. अर्धा किलो ज्वारी दळता दळता मुलांचा घाम निघाला. मग त्याच फेऱ्यांवर दोन्ही कविता म्हणायला लावल्या. अक्षरे मोजायला मी सांगितले नव्हते, ती मुलांनीच मोजली. बहिणाबाईंची ओळ आठ अक्षरांची. जनाबाईंची आधी सहा, मग आठ. ‘बाई, ही ओळ अर्ध्या फेरीत संपते आणि पुढची ओढून न्यावी लागते,’ असे एक मुलगा म्हणाला. छंद हा प्रकार मी फळ्यावर इतकी वर्षे शिकवला, पण वर्गातून असे वाक्य कधी आले नव्हते.

खरी गंमत पुढे झाली. जनीबरोबर विठ्ठल दळू लागतो, ही कथा मुलांना ठाऊक होती. एक मुलगी म्हणाली, ‘जनाबाईच्या मदतीला देव येतो, बहिणाबाईच्या मदतीला कोणीच येत नाही. तिचे हात दुखतात आणि ती तसे सांगून टाकते.’ दुसरीचे म्हणणे, बहिणाबाईचे गाणेच तिच्या मदतीला येते, जात्यातून पीठ पडावे तसे पोटातून ओठावर. कवितेतले ‘व्होटी’ म्हणजे ओठी, हे तिला कोणी सांगावे लागले नाही. तिची आजी बहिणाबाईंचीच लेवा बोली बोलते. एवढ्यात मागे बसलेल्याने विचारले, ‘पण मग नामदेवांनी का नाही दळलं?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. आजही नाही. पण सत्तावीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, कारण जनाबाई मी नेहमी भक्तिरसाच्या चौकटीतच शिकवली. बहिणाबाई शेजारी येऊन बसल्यावर जनीचे कष्ट दिसू लागले. आणि जनीमुळे बहिणाबाईंचा एकटेपणा.

काही जुने सहकारी म्हणतात, तुलना हे एम.ए.चे काम, पोरांना आधी अभंग नीट समजू दे. मला वाटते, समजतो तो असाच. मात्र ‘जुने श्रेष्ठ की नवे’ असली वक्तृत्वस्पर्धा नको, आणि साम्य-भेदाचा दोन रकान्यांचा तक्ता तर मुळीच नको. तो महिनाभरात गाइडमध्ये छापून येईल. दोन्हीकडे सामाईक अशी एक वस्तू, एक काम किंवा एक साचा धरावा आणि मुलांना सोडून द्यावे. उदाहरणे हवी तितकी आहेत. संतांच्या ओवी-अभंगाच्या साच्यात मर्ढेकरांनी १९४७ च्या सुमारास मुंबईचे यंत्रयुग ओतले. तुकोबांचा अभंग आणि मर्ढेकरांची तशीच एखादी रचना एकामागून एक मोठ्याने वाचून दाखवा. लय ओळखीची आणि माणूस अनोळखी, हे पंधरा वर्षांच्या मुलाला कळते. नारायण सुर्व्यांनी गिरणी कामगाराचे जगणे मांडणाऱ्या संग्रहाला १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हे संतांच्या वळणाचे नाव का दिले असेल, एवढा एकच प्रश्न एका तासाला पुरतो.

आमच्या गटातल्या एकाच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे. त्याने पट्ट्याच्या आवाजावर चार ओळी केल्या. आठ अक्षरे काही जमली नाहीत. ‘इथे गाणं म्हटलं तरी ऐकू कोणाला येणार,’ असे म्हणून त्याने वही मिटली.

दहावीच्या परीक्षा मंडळाने निदान एक प्रश्न दोन कविता मिळून विचारावा, अशी विनंती आहे. ते होईल तेव्हा होईल. आपल्याला मात्र हे याच महिन्यात करता येईल: रविवारच्या पुरवणीत एक जुनी आणि एक नवी कविता शेजारी शेजारी छापा. खाली कोणाचे भाष्य नको.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, भुसावळ