कोलाजेनच्या डब्यावरची प्रथिने

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कोलाजेन पावडरीवरचा लेख वाचला. रोज एक चमचा घेतला की त्वचेतले कोलाजेन भरून निघते, हे त्यातले विधान फारच सरधोपट आहे. कोलाजेन म्हणजे त्वचा आणि कंडरा यांना चिवटपणा देणारे प्रथिन, पण पोटात गेलेले कोलाजेन जसेच्या तसे गालापर्यंत पोचत नाही. पचनात त्याची सुटी अमिनो आम्ले (प्रथिने ज्यांची बनतात ते घटक) आणि दोन-तीन आम्लांचे छोटे तुकडे होतात, रक्तात जातात ते हेच. त्वचेला थोडा फायदा दिसल्याचे अभ्यास आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांचा खर्च उत्पादकांनीच केलेला आहे.

माझा खरा आक्षेप मात्र लेखातल्या 'उत्तम प्रथिन' या शब्दांना आहे. कोलाजेनमध्ये तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून बसतात आणि प्रत्येकीत दर तिसरे अमिनो आम्ल ग्लायसिन असते. पिळाच्या आत जागाच इतकी थोडी, की सगळ्यांत लहान असलेले ग्लायसिनच तिथे मावते. ही तिपेडी रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954-55 मध्ये मद्रास विद्यापीठातून मांडली, तीही कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) क्ष-किरण चित्रे अभ्यासून! लेखात एवढ्या परदेशी ब्रँडची नावे आहेत, तिथे या दोघांना एक ओळ मिळायला हरकत नव्हती.

कंडरा आणि त्वचा चिवट ठेवायला ही रचना नामी, पण अन्न म्हणून लंगडी. शरीराला स्वतः बनवता न येणाऱ्या 9 अमिनो आम्लांपैकी ट्रिप्टोफॅन कोलाजेनमध्ये नसतेच. त्यामुळे डब्यावरचा '10 ग्रॅम प्रथिने' हा आकडा खरा असला, तरी अंड्यातल्या किंवा दुधातल्या 10 ग्रॅमची सर त्याला नाही. आपल्या वरण-भातात निदान डाळीतले लायसिन आणि तांदळातले मेथिओनिन ही अमिनो आम्ले एकमेकांची उणीव भरून काढतात.

लेखातल्या 'शाकाहारी कोलाजेन'चे तर नवलच वाटले. वनस्पती कोलाजेन तयारच करत नाहीत. हिरवा ठिपका असलेल्या अशा डब्यांत बहुधा क जीवनसत्त्व आणि काही अमिनो आम्ले असतात. शरीराला कोलाजेनचा पीळ पक्का करायला क जीवनसत्त्व लागते हे खरे, पण ते पेरू-आवळ्यातूनही मिळते.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईलच. तेव्हा उत्पादकांना ट्रिप्टोफॅनचे प्रमाण विचारावे आणि मिळालेले उत्तर किमतीशेजारी छापावे, ही विनंती.

— एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, सांगली