मंत्रीसाहेब, तिसरी भाषा राहू द्या, आधी दुसरा शिक्षक द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांना सविनय नमस्कार.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वाडीवरच्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. शाळा चौथीपर्यंत, पट 17. तुमच्या कामाचा व्याप मोठा आहे म्हणून चार ओळीच लिहायच्या असं ठरवलं होतं, पण जुलै 2025 संपत आला आणि आता चार ओळीत मावेना.

16 जूनला आमच्याकडे प्रवेशोत्सव झाला. फुगे, फेटे, गुलाबाची फुलं, फोटो, सगळं यथासांग. तालुक्यावरून साहेब आलेले, त्यांनी अख्ख्या वाडीसमोर सांगितलं की बदलून गेलेल्या मॅडमच्या जागी आठ दिवसात शिक्षक देतो. आम्ही टाळ्या वाजवल्या. मागच्या आठवड्यात त्याच ऑफिसचं पत्र आलं, की पट 20 च्या आत असल्याने दुसरं पद देता येत नाही, आणि पालकांची इच्छा असल्यास मुलं जवळच्या शाळेत घालण्याबाबत समितीने ठराव करावा. म्हणजे आम्ही मास्तर मागितला तर हे शाळाच मागायला लागले! आणि ते "इच्छा असल्यास" वाचून तर हसावं का रडावं कळेना. जवळची शाळा नकाशावर दोन किलोमीटर आहे साहेब, पण मधे ओढा आहे आणि पावसाळ्यात त्याला पाणी असतं, सहा वर्षांच्या पोराने तो कसा ओलांडायचा ते पत्रात लिहिलेलं नाही. कायद्यात पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत पाहिजे म्हणतात, तो कायदा बहुतेक त्या ऑफिसला पोचला नसावा.

आता एकच गुरुजी, चार वर्ग. बरं, गुरुजी शिकवतात तरी कधी? मतदारयादीचं काम करणारे बीएलओ तेच, पोषण आहाराची रोजची माहिती तेच भरणार, यूडायसवर शाळेची माहिती, आधार, पोरांचे अपार ओळख क्रमांक, मीटिंगा, ट्रेनिंग. रेंज नसते म्हणून माहिती भरायला बिचारे टेकडीवर चढतात. ते तालुक्याला गेले की शाळेला कुलूप नको म्हणून मी जाऊन बसतो, ऐन रोपलावणीत. माझं शिक्षण बारावी, मी पोरांना पाढे म्हणायला लावतो, दुसरं काय येतंय मला. शेतात पैऱ्याची माणसं वाट बघत असतात, मंडळी घरी तोंड फिरवून बसते की अध्यक्षपद मिरवा आणि रान पडू द्या. या पदाला मानधन नाही, नकोच आहे, पण माझ्या घरातलं भांडण कुठल्या हेडखाली टाकायचं तेवढं सांगा. मोठी पोरगी तिसरीत आहे माझी, तिला हातच्याची वजाबाकी अजून येत नाही, रात्री मी शिकवायला बसतो आणि दमून मलाच डुलकी लागते.

कायद्याचं म्हणाल तर आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टात स्पष्ट आहे, 60 पटापर्यंत दोन शिक्षक. 17 पट 60 च्या आतच येतो ना? की पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या जीआरनंतर गणितही बदललं? आधी म्हणे रिटायर गुरुजी 20 हजारावर, मग सप्टेंबर 2024 ला कंत्राटी 15 हजारावर, काही महिन्यांनी तेही रद्द. आमच्या वाडीवर यातलं एकही माणूस आलं नाही, फक्त जीआरचे पीडीएफ आले व्हॉट्सअपवर. आणि जून महिनाभर सगळा महाराष्ट्र पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा पाहिजे का नको यावर भांडला, 29 जूनला तुम्ही तो जीआर मागे घेतला, चांगलं केलं. पण साहेब तिसरी भाषा शिकवणार कोण होतं आमच्याकडे?

"एकही शाळा बंद करणार नाही" हे प्रत्येक सरकार म्हणतं. 2017 ला दहाच्या आतल्या पटाच्या 1314 शाळांची यादी निघाली, 2023 ला वीसच्या आतल्या जवळपास पंधरा हजार शाळांची माहिती मागवली, समूह शाळा म्हणून, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी, पानशेत आणि तोरणमाळचं उदाहरण देऊन. आता यादीची गरजच नाही. शिक्षक देऊ नका, लोक कंटाळून पोरं इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत बसवतील, पट खाली येईल, मग म्हणा पटच नाही. आमच्या वाडीतली तीन घरं गेली अशीच, त्यांना तरी काय बोलणार.

ही शाळा लोकल बोर्डाच्या काळातली आहे. जागा गावाने दिली, भिंतींचे दगड बैलगाडीने गावानेच आणले. 1962 ला झेडप्या आल्या तेव्हा शाळा त्यांच्याकडे गेली, म्हणजे गावचा कारभार गावच्या माणसाकडे राहील असं होतं ना ते? मग मार्च 2022 ला बहुतेक झेडप्यांची मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. तीन वर्षं झाली, ना सदस्य, ना शिक्षण समिती, ना सभापती. पूर्वी निदान सदस्याच्या दारात जाऊन शिव्या तरी घालता यायच्या, आता ज्या साहेबांचा निर्णय त्याच साहेबांकडे अपील. सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं मे महिन्यात की चार महिन्यात निवडणुका घ्या. आमदारकी खासदारकीच्या वेळेवर होतात, त्याला पाऊस आड येत नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाला 80 हजार कोटींच्या वर, कुणी मागितला नसताना, आणि आमच्या शाळेला वर्षाचं अनुदान 10 हजार, त्यात खडू, लाईटबिल, डागडुजी, संडास सगळं बसवा. शाहू महाराजांनी 1917 ला शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोरगं शाळेत न पाठवणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड होता. आज बाप पाठवतोय, मग दंड कुणाला लावायचा?

ठराव आम्ही केला आहे, नाही म्हणून. समितीत पंचाहत्तर टक्के पालक, त्यात बायका निम्म्या, त्यांनीच आधी हात वर केले. आम्हाला एक कायम शिक्षक पाहिजे, 15 ऑगस्टच्या आत, आणि गुरुजींचं बीएलओचं काम काढा. हेच मी आपले सरकार पोर्टलवर टाकलं होतं, ते चौकशीसाठी तालुक्याच्या त्याच ऑफिसला गेलं आणि "तक्रार निकाली" असा मेसेज आला. हे पत्र कृपा करून तिकडे पाठवू नका.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष (सध्या बदली शिक्षक, बिनपगारी)