रात्रपाळीच्या सिस्टरांचे आभार

आमची लेक न्यूमोनियाने ९ दिवस व्हेंटिलेटरवर होती. मिडाझोलाम (गुंगीचं औषध) आणि फेंटानिल (वेदनाशामक) चालू, त्यामुळे हाक मारली तरी ओ नाही. मला वाटायचं, झोपलीय तर झोपू दे.

पण रात्रपाळीच्या सिस्टर ठरल्या वेळी यायच्या आणि पायाशी उभ्या राहून दोन मिनिटं नुसत्या बघायच्या. कपाळावर आठी आहे का, मूठ आवळलीय का, श्वास मशीनशी भांडतोय का. मग हलकेच हात उचलून ताठपणा पाहायच्या आणि तक्त्यात आकडा लिहायच्या. सहा गोष्टी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. "११च्या खाली म्हणजे गुंगी जास्त, २२च्या वर म्हणजे बाळाला त्रास होतोय," असं एकीने समजावलं.

एका पहाटे आकडा ९ आला. त्यांनी लगेच डॉक्टरांना उठवलं, डोस उतरवला. पुढे औषध हळूहळू सोडवताना ती थरथरायची, घामाने भिजायची, तेव्हाही त्याच तिथे होत्या.

नावं विचारायची राहिली (तेवढं भान कुणाला होतं!). मास्कच्या वरचे डोळे मात्र ओळखेन. मनापासून आभार. आणि मला स्टूल आणून देणाऱ्या मावशींचेही.