मालवणात होड्यांना नांगराऐवजी बोये द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सीझन सुरू झाला की मालवण-तारकर्लीच्या स्नॉर्कलिंगचे रील्स फिरायला लागतात. परवा एकात बघितलं, पर्यटक चक्क प्रवाळावर उभा राहून फोटो काढतोय आणि होडीवरचा माणूस त्याला धीर देतोय, 'काय होणा नाय, फत्तरच आसा तो.'

फत्तर कसला, जिवंत पोवळं म्हणजे प्रवाळ आहे ते, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ज्या पहिल्या अनुसूचीत वाघ आहे त्याच अनुसूचीत ठेवलेलं. आपल्याकडचं घुमटासारखं वाढणारं पोवळं वर्षाला जेमतेम 1 सेंटिमीटर वाढतं, म्हणजे हातभर उंचीचा गोळा व्हायला 40-45 वर्षं गेलेली असतात आणि त्याच्यावर नांगर पडला की पाच मिनिटांत तुकडे. उभं राहणारा पर्यटक दिसतो तरी, नांगर कोणाला दिसतच नाही, आणि माझ्या मते जास्त नुकसान तोच करतो. सुट्ट्यांमध्ये एकाच खडपाभोवती (समुद्रातल्या खडकाभोवती) किती होड्या लागतात आणि प्रत्येकीचा नांगर दिवसातून किती वेळा खाली जातो ते जरा किनाऱ्यावर बसून बघा.

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. वाळूत काँक्रीटचे जड ब्लॉक बसवायचे, त्याला दोर आणि वर बोया, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, होडीने नांगर न टाकता तिथे बांधून ठेवायचं. जगभर डायव्हिंगच्या जागी हेच करतात. ज्या खडपांवर रोज पर्यटक नेतात तिथे तरी असे पुरेसे बोये हवेत आणि दर पावसाळ्यानंतर ते तपासायचं काम इथल्याच पोरांना पगार देऊन द्यावं. सोबत ब्रेड-बिस्किटं टाकून मासे जमवणं बंद करा, फोटो छान येतो पण माशांची सवय बिघडते.

मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, क्षेत्र 29.12 चौ. किमी, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड त्यातच. तेव्हापासून मच्छीमाराला अभयारण्य म्हटलं की आपली होडी बंद होणार अशी धास्ती आहे आणि ती काही खोटी म्हणता येणार नाही, कारण नियम सांगायला सगळे येतात, विचारायला कोणी येत नाही. खरं तर गोबरा, तांबोशी हे मासे खडपातच राहतात, पोवळं गेलं तर पहिला फटका गळाने मासे धरणाऱ्यालाच.

पाणी तापलं की पोवळ्याच्या अंगातलं शेवाळ निघून जातं आणि ते पांढरं पडतं, 2024 मध्ये तर जगभर असं होत असल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. ते मालवणातून थांबवता येणार नाही, मान्य. पण आधीच आजारी पोवळ्यावर वरून नांगर कशाला?

निवती रॉकजवळ जुनी युद्धनौका बुडवून पर्यटन करायची योजना आहे, चांगलंच आहे, गर्दी थोडी तिकडे वळेल. त्यातला थोडा निधी या बोयांना मिळावा, आणि तो सुद्धा येत्या सीझनच्या आधी.

आपला,
एक वाचक, मालवण