सुनी, तो वण आठवतो का?

प्रिय सुनी,

आठ महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितेय तेही गरज पडली म्हणून. रागाव, पण वाच. मी बरी आहे, बीपीची गोळी चालू आहे.

आई अकरा दिवस आयसीयूत आहे. ऑपरेशन नीट झालं, पण ताप उतरेना. काल ब्लड कल्चर आलं : कॅन्डिडा अल्बिकन्स, म्हणजे रक्तात बुरशी. दादाला समजावायला गेले की बुरशीच्या अंगावर साखरेचे थर असतात, तर तो घाबरून म्हणाला, "आईची शुगर पण वाढली?" त्या अवस्थेतही हसू आलं गं.

होस्टेलच्या गच्चीवरचं भांडण आठव. मी म्हणायचे, बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकन ही साखर आत, मॅनन या दुसऱ्या साखरेचा थर वर. मग आपल्या संरक्षक पेशींवरचा, ग्लुकन ओळखणारा डेक्टिन-१ त्याच्यापर्यंत पोचणार कसा? तू चिडून माझ्याच वहीत यीस्ट, बुरशीची ती कळ्या फुटणारी गोल पेशी, काढलंस. "कळी तुटते तिथं वण राहतो, बाई! तिथं ग्लुकन उघडं पडतं." चार दिवस मी बोलले नाही आणि तू माझा चिवडा संपवलास. तूच बरोबर होतीस. चिवड्याचं मात्र अजून माफ नाही.

आता तोच वण झोपू देत नाही. यीस्टनं लांब धागे काढले की कळी सुटतच नाही. वण नाही, म्हणजे डेक्टिन-१ला हाताशी काही नाही. मॅनन ओळखणारा डेक्टिन-२ आहे, मॅनोज रिसेप्टर आहे, सगळं पाठ आहे मला. तरी पहाटे तीनला बाहेरच्या बाकावर बसून आईच्या पेशींना विनवत असते, बायांनो, नीट चाचपा.

आज कॅस्पोफंजिन हे बुरशीवरचं औषध सुरू केलं. ते ग्लुकन बनू देत नाही, भिंत कच्ची पडते. शिवाय कमी मात्रेतही त्यानं आतलं ग्लुकन उघडं पडतं, असं प्रयोगांत दिसलंय. म्हणजे मारतंही आणि अंगावरचं पांघरूणही ओढून काढतं. मी त्यालाच धरून बसलेय. मानेतल्या शिरेत घातलेली नळी, सेंट्रल लाइन, काढली, ते फार बरं केलं. कल्चर निगेटिव्ह आलं की तिथून पुढे चौदा दिवस औषध. आधी ते निगेटिव्ह येऊ दे.

नवं घर लागलं का? पिंकीची दहावी कशी गेली? तिला माझा पापा.

उद्या पुन्हा रक्त घेणार आहेत. रिपोर्ट आला की आधी तुला फोन करीन, दादाला नंतर. रात्री फोन सायलेंटवर ठेवू नकोस.

तुझीच,
मंगल