बँकेचा वकील बँकेचा; घर घेणाऱ्याने आपला वेगळा नेमावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत कर्ज काढून घर घेणाऱ्या बऱ्याच कुटुंबांची एक समजूत पक्की असते. बँकेने कागद तपासून कर्ज दिले, म्हणजे मिळकत निर्वेध आहे, मग आपण वेगळा वकील कशाला करायचा? या समजुतीपायी माणसे आयुष्यभराची कमाई धोक्यात घालतात, म्हणून हे पत्र.

बँकेच्या पॅनलवरचा वकील आपला अभिप्राय बँकेला लिहून देतो. त्याची फी कर्जदाराकडून घेतली जाते, पण अहवालाची प्रत कर्जदाराला सहसा मिळत नाही. त्या वकिलापुढचा प्रश्न एवढाच असतो की हप्ते थकले तर ही मिळकत विकून बँकेची वसुली होईल का. ताबा कोणत्या तारखेला मिळणार, मोजणीत क्षेत्र कमी भरले तर किंमत कमी होणार का, विक्रेत्याची घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी कोण भरणार, हे पाहणे त्याच्याकडे नसते. आणि पुढे हक्कात दोष निघाला तरी कर्जदाराचे हप्ते थांबत नाहीत.

शिवाय बँकेचा वकील कामाला लागतो तोवर विसार देऊन झालेला असतो. आखाजीचा (अक्षय तृतीयेचा) मुहूर्त साधायचा म्हणून दोन-तीन लाख रुपये रोख मोजायचे, पाचशेच्या स्टँपवर दलालाने आणलेल्या छापील नमुन्यात सौदा पावती (विक्रीचा करार) करायची आणि मग कर्जासाठी बँकेत जायचे, असा इकडचा क्रम आहे. तो उलटा हवा. आधी वकील, मग सौदा पावती. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणारे दस्तलेखक आणि स्टँप व्हेंडर दस्त नीट टंकून देतात, चलन भरून देतात. पण विक्रेत्याला विकण्याचा हक्क आहे की नाही हे तपासणे त्यांचे काम नव्हे, आणि दुय्यम निबंधकही दस्त नोंदवताना हक्काची हमी देत नाही.

वकील निवडताना त्याचे रोजचे काम कोणते ते आधी विचारावे. फौजदारी किंवा अपघात दाव्यांत नावाजलेला वकील फेरफार (हक्कबदलाच्या महसुली नोंदी) वाचण्यात तितकाच तरबेज असेल असे नाही. बिल्डरने किंवा दलालाने ‘आपलेच वकीलसाहेब आहेत’ म्हणून सुचवलेला वकील घेऊ नये. एकाच व्यवहारात दोन्ही बाजू सांभाळणारा माणूस अडचणीच्या वेळी आपल्या बाजूने उभा राहू शकत नाही. आमच्या मते सर्वात सोयीचा पर्याय म्हणजे दुसऱ्या एखाद्या बँकेच्या पॅनलवर असलेला वकील. बँका कोणत्या कागदावर अडतात हे त्याला ठाऊक असते आणि आपल्या बँकेशी त्याचे देणेघेणे नसते. फी किती, त्यात सर्च (जुन्या दस्तनोंदींचा शोध), जाहीर नोटीस, सौदा पावती व खरेदीखताचा मसुदा, नोंदणीच्या दिवशी हजेरी आणि नंतरचा फेरफार यांपैकी काय काय येते, ते लिहून घ्यावे.

हे आधीच पारखून घ्यायचे कारण असे की सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही असा निकाल दिला आहे. काम चुकले तर ग्राहक आयोगाचा सोपा रस्ता नाही. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे करता येते आणि भरपाईसाठी दिवाणी दावा लावता येतो, पण दोन्ही वाटा लांबच्या आहेत.

आता सर्च रिपोर्टविषयी. तो साधारण तीस वर्षांचा घेतात. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मुंबईबाहेरच्या दस्तांची सूची साधारण २००२ नंतरची सापडते. त्याआधीच्या नोंदींसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन सूची क्रमांक २ ची जुनी पुस्तके उलटावी लागतात. ज्या अहवालाला नुसत्या ऑनलाइन सर्चच्या प्रिंट जोडल्या आहेत, तो तीस वर्षांचा अहवाल नव्हे. सर्च फीचे चलन, पाहिलेल्या कागदांची यादी आणि ‘अमुक वर्षाची पाने फाटलेली आहेत’ असे शेरे अहवालात असतील तर वकील खरोखर दप्तरात बसला होता असे समजावे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. तिथले त्याआधीचे बिनशेती आदेश धुळे जिल्ह्याच्या नावाचे असतात. हे माहीत असलेला वकील मूळ आदेश कुठे शोधायचा यात वेळ घालवत नाही.

पण सूचीत सगळे दिसत नाही, आणि खरी फसगत तिथे होते. मूळ खरेदीखत बँकेत ठेवून घेतलेल्या कर्जाची नोटीस ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे दाखल करण्याचे बंधन आपल्या राज्यात एप्रिल २०१३ पासून आले. त्याआधीच्या अशा गहाणाचा मागमूस सूचीत नसू शकतो. बँकांच्या गहाणांची केंद्रीय नोंदवही, सेरसाय, मार्च २०११ मध्ये सुरू झाली. तिथे नाममात्र शुल्क भरून कोणालाही शोध घेता येतो. पण पतसंस्थांचे बोजे तिथे सापडतीलच असे नाही. आपल्याकडे हे विशेष जपायला हवे, कारण जळगाव जिल्ह्यात अडचणीत आलेल्या पतसंस्थांची वसुली वर्षानुवर्षे चालली आहे. विक्रेता कुणाच्या कर्जाला जामीनदार असेल आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला असेल, तर जप्ती जामीनदाराच्या मिळकतीवरही येते. म्हणून सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना किंवा शहरी मिळकतीची मिळकत पत्रिका ताजी काढावी, न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर विक्रेत्याच्या नावाने दावे शोधावेत, आणि मूळ खरेदीखत डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. मूळ दस्त ‘हरवला’ असे सांगितले तर तो कुठेतरी गहाण असण्याची शक्यता आधी तपासावी.

नोंद न केलेली सौदा पावती तर कुठल्याच दप्तरात दिसत नाही. आधी सौदा केलेल्या माणसाला ठरलेल्या तारखेपासून तीन वर्षांपर्यंत करारपूर्तीचा दावा लावता येतो. त्यावर जाहीर नोटीस हा एकच व्यवहार्य उपाय आहे. ती मिळकत ज्या तालुक्यात आहे तिथे वाचल्या जाणाऱ्या आवृत्तीतच यावी. चोपड्याच्या प्लॉटची नोटीस भलत्याच शहराच्या आवृत्तीत छापून हरकती येत नाहीत, आणि तिचा उपयोगही होत नाही. मुदत निदान १४ दिवसांची ठेवावी.

वारसांचा प्रश्न आपल्याकडे सर्वात जास्त दुखतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून मुलाइतकाच आहे, वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असोत वा नसोत, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. बहिणींची नावे फेरफारातून नुसती ‘जबाबावरून’ कमी केलेली दिसली तर थांबावे. हक्कसोड पत्र नोंदणीकृत आहे का ते पाहावे, नसेल तर त्यांना खरेदीखतात संमती देणार म्हणून घ्यावे. भाऊ सुरतेला स्थायिक असतो आणि मुखत्यारपत्र पाठवतो, हे तर नेहमीचे. त्याच्या वतीने दस्त नोंदणीस हजर करायचा असेल तर नुसते नोटरी केलेले मुखत्यारपत्र चालत नाही. ते तो राहतो तिथल्या निबंधकापुढे साक्षांकित झालेले लागते. तो खरेदीच्या दिवशी हयात आहे याचीही खात्री करावी, कारण सर्वसाधारणपणे मृत्यूबरोबर मुखत्यारपत्र संपते.

जमिनीची जात बघणे हे खानदेशात वेगळे काम आहे. शहादा, तळोदा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात मूळ खातेदार आदिवासी असेल, तर बिगर-आदिवासीला विक्री करायला जिल्हाधिकाऱ्यांची आणि शासनाची पूर्वपरवानगी लागते. मधले एक हस्तांतर परवानगीविना झाले असेल तर वर उभ्या राहिलेल्या बंगल्यालाही तो दोष चिकटतो. भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या) आणि कुळकायद्याने मिळालेल्या जमिनींचेही तसेच पाहावे. शहरांच्या कडेच्या प्लॉटांत मंजूर अंतिम रेखांकन मागावे आणि आपला प्लॉट क्रमांक त्यात खरोखर आहे, तो ओपन स्पेसमधून काढलेला नाही, हे नकाशावर बोट ठेवून बघावे. महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला लागत नाही. त्यामुळे चार-सहा रो-हाऊसचा प्रकल्प तिच्याबाहेर राहतो. तिथे महारेराच्या संकेतस्थळावर वकिलाचा हक्क-अहवाल वाचायला मिळत नाही, त्यामुळे आपल्या वकिलावरच सगळी भिस्त असते.

सौदा पावतीत दोन वाक्ये वकिलाकडून आवर्जून घालून घ्यावीत. कर्ज नामंजूर झाले किंवा हक्कात दोष निघाला तर विसार अमुक दिवसांत परत. आणि विक्रेत्याचे जुने कर्ज असेल तर बँकेचा धनादेश थेट त्या बँकेच्या कर्जखात्यात जाईल व मूळ कागद त्या बँकेकडून आपल्या बँकेकडे जातील. विक्रेत्याच्या हाती पैसे देऊन ‘तो कर्ज फेडेल’ यावर विसंबू नये. विसार चेकने किंवा बँकेमार्फत द्यावा. बँकेत मूळ कागद जमा करताना प्रत्येक दस्ताचा क्रमांक आणि पानांची संख्या असलेली पोच घ्यावी. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत करायचे आणि बँकेकडून उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये द्यायचे, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मात्र कोणते कागद दिले होते हेच दाखवता आले नाही तर ती भरपाई मागायची कशी?

शेवटी एक मागणी. पॅनल वकिलाची फी कर्जदार भरतो, तर त्या अहवालाची प्रत मंजुरीपत्राबरोबर त्याला मिळालीच पाहिजे. अहवालात हरकत असेल तर ती खरेदीखत होण्यापूर्वी लेखी कळवली पाहिजे. तिन्ही जिल्ह्यांत अग्रणी बँकेने (जिल्ह्यातील बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेने) सर्व बँकांच्या बैठकीत हा विषय घ्यावा. तोवर प्रत्येक कर्जदाराने कर्जाच्या अर्जासोबतच ही प्रत लेखी मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्यावा.

आपले,
मिळकत व्यवहारांचे काम करणारे काही वाचक,
जळगाव