बाबांना पत्र: लिव्हर रायफलची गोळी बोथट का?

स्क्रँटन, पेनसिल्व्हेनिया

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये हयात घालवलेल्या माणसाला असाच प्रश्न पडणार: बाकी रायफलींची गोळी टोकदार असते, मग चापाखालचा लिव्हर ओढून चालवायच्या रायफलीत ती अजून बोथट का? उत्तर मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं साठवायच्या जागेच्या, बनावटीत आहे. काडतूस, पल्ला आणि साइट (नेम धरायची खूण) हे सगळं त्याच्या मागोमाग ठरतं.

बॅरलखाली एक नळी असते, आत स्प्रिंग. काडतुसं तिच्यात लोकलच्या डब्यांसारखी एकामागे एक बसतात. म्हणजे मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं, आणि बुडाच्या मधोमध प्राइमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी टिकली. बार झाला की धक्क्याने अख्खी रांग हादरते. नाक टोकदार असेल तर तेच फायरिंग पिनसारखं आदळून काडतूस नळीतच फुटू शकतं. म्हणून नाक सपाट. काडतुसं बनवणाऱ्या हॉर्नडी कंपनीने मऊ, दाबलं की दबणाऱ्या टोकाची गोळी काढली, ती नळीत चालते. दुसऱ्या गोळ्यांवरची कडक प्लॅस्टिकची टोकं चालत नाहीत. दोन्ही दिसायला सारखी, म्हणून खोका वाचूनच भरायचं. विंचेस्टर 1895 ला पेटी मॅगझिन आहे, सॅव्हेज 99 ला फिरतं. त्यांत नाक पुढच्या बुडाला टेकत नाही, म्हणून टोकदार गोळी बिनधास्त चालते.

नेहमीचं काडतूस .30-30. विंचेस्टरची 1894 ची रायफल जॉन ब्राउनिंगची, आणि हे काडतूस तिच्यासाठी 1895 मध्ये आलं. पहिले 30 म्हणजे इंचाचे शतांश, दुसरे 30 म्हणजे दारूचे ग्रेन. ग्रेन तुम्हाला परका नाही: आपला तोळा म्हणजे बरोबर 180 ग्रेन. गोळी 150 किंवा 170 ग्रेनची, तोळ्याला जरा कमी. 150 ची गोळी सेकंदाला सुमारे 2,390 फुटांनी सुटते, पण बोथट नाकामुळे वेग लवकर गमावते. 100 यार्डांवर नेम बसवला तर 200 यार्डांवर ती सात-आठ इंच खाली लागते. 200 यार्ड म्हणजे ठाण्याच्या फलाटावर उभ्या लोकलचे नऊ डबे. त्यापलीकडे या रायफलीने हरणावर बार टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

.45-70 हे 1873 चं लष्करी काडतूस. मूळची गोळी 405 ग्रेनची, सव्वादोन तोळे! इथे एक धोका आहे. मार्लिन 1895 सारख्या आजच्या रायफलीसाठी भरलेली जोरदार काडतुसं जुन्या ट्रॅपडोअर (झाकण उघडून भरायच्या) रायफलीतही बसतात, पण तिची ॲक्शन, म्हणजे काडतूस भरून बंद करणारी यंत्रणा, तो दाब सोसत नाही. बसतं म्हणजे चालतं, हा हिशेब इथे लावायचा नाही.

.357 मॅग्नम काडतुसाच्या रायफलीत .38 स्पेशल काडतूसही चालतं. ते आखूड असल्यामुळे काही रायफलींत वर चढताना अडतं. शिवाय शेकडो बार झाले की चेंबरमध्ये (बार होताना काडतूस बसतं त्या जागी) काजळीचं कडं धरतं आणि मग लांब .357 नीट बसत नाही. ब्रशने ते कडं काढलं की झालं.

आता साइट, तुमच्या आवडीचं काम. जुन्या विंचेस्टर 94 चं रिकामं केस (काडतुसाचं कवच) वरून उडतं, त्यामुळे डोक्यावर दुर्बीण बसत नाही. 1980 च्या दशकात ते तिरकं उडेल अशी सुधारणा झाली. मार्लिन 336 वरून बंद आहे, केस उजव्या बाजूने जातं, तिथे दुर्बीण सरळ बसते. तरी मी या रायफलीला रिसीव्हरवरची (बॅरलमागच्या, ॲक्शन सामावणाऱ्या पोलादी भागावरची) भोकाची साइट सुचवेन. मागची साइट बॅरलवरून रिसीव्हरवर आली की दोन साइटमधलं अंतर वाढतं आणि चूक कमी होते. भोक मोठं असलं तरी डोळा आपोआप मध्य पकडतो, आणि साठीतल्या डोळ्याला मागची खाच स्पष्ट दिसण्याची गरजच उरत नाही.

नेम बसवायचं गणित व्हर्नियरचं आहे. दोन साइटमधलं अंतर गुणिले चूक, भागिले पल्ला, सगळं इंचात. अंतर 20 इंच, 100 यार्डांवर गोळी 3 इंच खाली, पल्ला 3,600 इंच: 20 × 3 ÷ 3,600, म्हणजे साधारण 17 थाऊ (इंचाचे हजारांश). मागची साइट तेवढी वर घ्या किंवा पुढच्या साइटचा मणी तेवढा घासा. मागची साइट गोळी हवी त्या दिशेला सरकते, पुढची उलट. मणी घासताना आधी 10 थाऊच, मग तीन बार, मग पुढचं. घासलेलं परत येत नाही. खाचेत ठोकून बसवलेली साइट बहुधा मागून पाहता डावीकडून उजवीकडे बाहेर निघते आणि उजवीकडून आत जाते. पितळी पंच वापरायचा, पोलादी नाही.

बॅरल तापलं की गोळी जागा बदलते, कारण मॅगझिनची नळी आणि तिला धरणाऱ्या पट्ट्या बॅरललाच आवळलेल्या असतात. तीन बार, मग थंड होऊ देणं. टेकू रायफलीच्या लाकडी भागाला द्यायचा, बॅरलला कधीच नाही.

काडतूस अडकण्याचं मोठं कारण म्हणजे लिव्हर अर्धवट ओढणं. तो थांब्याला लागेपर्यंत खाली, मग तसाच पूर्ण वर. हळुवारपणा इथे घात करतो.

साफसफाईला मार्लिन सोपी. आधी नळी आणि चेंबर रिकामं आहे हे डोळ्याने पाहून बोटाने चाचपायचं. मग लिव्हर अर्धा उघडून त्याचा एक स्क्रू काढला की लिव्हर निघतो आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागून बाहेर येतो. इजेक्टर (रिकामं केस बाहेर फेकणारा भाग) मात्र आत सुटा राहतो. तो न उचलता रायफल उलटी केली की बाकाखाली शोधत बसावं लागतं. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसेल असं घासून घ्यायचं, नाहीतर खाचेच्या कडा उडतात. विंचेस्टर 94 मात्र तोंडाकडूनच साफ करावी लागते, म्हणून सळईला पितळी गाइड लावायचं, नाहीतर तोंडाची कड झिजून नेम बिघडतो.

तिकडे येताना नमुन्याला काडतूस आणणार नाही. सामानात एक जरी सापडलं तरी आर्म्स ॲक्टखाली गुन्हा दाखल होतो. ॲक्शनचा छेद दाखवणारं चित्र सोबत काढून पाठवलंय, मापं इंचात.

आईला नमस्कार.

आपला,
सुहास